बाबांच्या हाताला कळू नये म्हणून

बाबांनी मला आयुष्यात पहिल्यांदा मारलं ते हॉर्नवरून.

गाडीचा जुना हॉर्न बसला होता. दाबला की खोकल्यासारखा आवाज यायचा, म्हणून मी मिस्त्रीकडून नवा लावून घेतला. त्याच संध्याकाळी बाबांना शेजारी बसवून फिरवायला निघाले. गल्लीच्या तोंडाशी एक ई-रिक्षा आडवी आली, मी हॉर्न दाबला आणि बाबांचा उलटा हात माझ्या तोंडावर आदळला. ओठ दातांत सापडून फाटला. काय झालं ते मला आधी कळलंच नाही. वाटलं, खिडकीतून काहीतरी आत आलं. मग दुसरा फटका कानावर बसला.

"ही गाडी कोणाची आहे?" बाबा विचारत होते. "माझी कुठे नेली?"

मी गाडी कडेला घेतली आणि ओढणीने ओठ दाबून धरला. ते माझ्याकडे बघत होते, पण ती नजर मला ओळखणाऱ्या माणसाची नव्हती. घरात शिरलेल्या चोराकडे बघावं तसे बघत होते. जरा वेळाने तेच हात पुढे करून म्हणाले, "तुला काय लागलं, बाळ? रक्त येतंय."

मी म्हटलं, "दार लागलं, बाबा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे जाऊन तो नवा हॉर्न काढायला लावला. जुनाच खोलून, साफ करून परत बसवायला सांगितला. मिस्त्री माझ्या सुजलेल्या ओठाकडे बघत राहिला.

बाबांचा हात म्हणजे काय होता ते सांगायला हवं. सांवेर रोडवर पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तयार माल तपासायचे. बोट फिरवून सांगायचे की इथे घासायची कड राहिली आहे. घरात त्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही. मी लहानपणी कितीही उच्छाद मांडला तरी ते फक्त "बस आता" म्हणायचे. नोकरीत असताना त्यांनी ही लहान गाडी घेतली, फिकट हिरव्या रंगाची. तेव्हापासून तिची सगळी देखभाल स्वतः केली. रविवारी सकाळी अंगणात प्लग काढून पुसायचे, बॅटरीत पाणी घालायचे, चाकांत हवा बघायचे. गाडी जुनी झाली, कॉलनीतल्या लोकांनी नव्या घेतल्या, आमची तीच राहिली. माझं लग्न टिकलं नाही आणि मी सुदामा नगरच्या घरी परत आले, तेव्हाही ते याच गाडीतून मला घ्यायला आले होते. रस्ताभर मला एक प्रश्न विचारला नाही.

मग त्यांना विसर पडायला लागला. आधी रस्ते गेले, मग माणसं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की पुढे पुढे चिडचिड वाढेल, कदाचित हात उचलतील. आईने ते ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "डॉक्टरांना नाही माहीत, हे कसे आहेत ते."

बाबांचं गाडी चालवणं आम्ही बंद केलं होतं. पण दिवस कलला की बाबा अस्वस्थ व्हायचे. "घरी जायचं आहे" म्हणून दार बडवायचे. घरातच आहोत हे सांगून उपयोग नसायचा. एकदा सहज मी त्यांना गाडीत बसवून शहराबाहेर राऊपर्यंत नेऊन आणलं, तर परत आल्यावर ते मुकाट जेवून झोपले. तेव्हापासून रोजचा फेरा सुरू झाला. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. लॅबमधून सुटले की घरी येऊन बाबांना घेऊन निघायचं. बसण्याआधी ते उजव्या बाजूला यायचे, उघड्या खिडकीतून हात आत घालून स्टिअरिंग धरायचे, जरा डावी-उजवीकडे हलवून बघायचे आणि मग आपल्या सीटवर जाऊन बसायचे. ती त्यांची तपासणी होती. पास झाली की आम्ही निघायचो.

पण जुनी गाडी म्हणजे दर महिन्याला काहीतरी निघतंच. आणि हॉर्नच्या प्रकारानंतर मला पार्ट निवडायची धास्ती बसली. बाकीचे लोक टिकाऊ काय, स्वस्त काय ते बघतात. मी बघायची की बाबांना काय कळणार नाही. बॉनेटच्या आत काहीही नवं टाकलं तरी चालायचं. क्लचची प्लेट, पाण्याचा पंप, पट्टे, सगळं मी नवं आणि चांगलं टाकलं. पण ज्याला त्यांचा हात लागतो, जे त्यांच्या कानावर पडतं, ते जुनंच हवं. काच वरखाली करायचा दांडा, गिअरची मूठ, दाराचं लॉक. वायपरचं रबर बदललं आणि ते काचेवर चरचरायला लागलं, तर बाबांनी पुढचा आरसा मुठीत धरून उपटून काढला आणि डॅशबोर्डवर आपटून फोडला. तळहातात काचा घुसल्या. मी चिमट्याने त्या काढत होते आणि ते दुसऱ्या हाताने माझ्या डोक्यात बुक्क्या मारत होते. दोन्ही कामं चालू राहिली, काय करणार.

मिस्त्री वैतागायचा. म्हणायचा, "दीदी, पुरानी गाड़ी में फिर पुराना ही माल? हर महीने यहीं मिलोगी। बेच दो ना।"

"बाबूजींना लागते, भिया," मी म्हणायची. त्याला मराठी समजायचं. तो मान हलवून गाडीखाली शिरायचा.

जुना माल मिळायचा तो शहराबाहेरच्या भंगाराच्या गाळ्यांत. जुन्या आणि अपघातात गेलेल्या गाड्या तिथे फोडतात. त्या जागेची मला हळूहळू सवय झाली. घणाचे घाव, गॅसच्या कटरचा फुसफुसाट, छत कापलेल्या गाड्या. एखाद्या सीटवर वाळलेला काळा डाग. रक्त वाळल्यावर कसं दिसतं ते मला कोणी सांगायला नको. ड्रायव्हरकडच्या दाराचं लॉक ढिलं झालं होतं, म्हणून मी एका दुपारी तिथे आमच्याच मॉडेलची दारं डोळे मिटून एकेक करून आपटून बघत होते. आमच्या दाराचा आवाज मला पाठ होता, आधी पत्र्याचा आणि मग कडी बसल्याचा.

गाळेवाला हसायला लागला. "दरवाज़ा ले रही हो मैडम, कि तबला?"

मीही हसले. त्या दिवसांत मी हसले होते असे जे थोडे प्रसंग आठवतात, त्यांतला तो एक. दार मिळालं. बाबांनी ते उघडलं, लावलं आणि आपल्या सीटवर जाऊन बसले.

स्टिअरिंगचं मात्र जमलं नाही.

स्टिअरिंगच्या चाकाला आधी बारीक तडा गेला होता, तो वाढत वाढत मधल्या दांड्यापर्यंत आला. मिस्त्रीने दोन्ही हातांनी वाकवून दाखवलं. "ये हाथ में आ जाएगा, दीदी। मैं ऐसे गाड़ी नहीं दूँगा।" त्याचं बरोबर होतं. तसं पातळ, दोन दांड्यांचं चाक कुठेच मिळेना. भंगारात मिळालं ते नंतरच्या वर्षांतलं, तीन दांड्यांचं, जरा जाड. मी त्यावर जुन्या चाकाचं कव्हर ताणून शिवलं. घरी बसून सुई-दोऱ्याने त्याच भोकांतून शिवलं. दिसायला बरंच सारखं झालं.

त्या संध्याकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे खिडकीतून हात घातला. चाक धरलं. सोडलं. परत धरलं. मग ते गेले आणि आपल्या जागी बसले. मला वाटलं, झालं.

राजेंद्र नगर मागे पडलं आणि रस्ता मोकळा लागला तसा मी वेग थोडा वाढवला. बाबा वाटभर चाकाकडेच बघत होते. मग अगदी शांतपणे म्हणाले, "तू बदललीस."

"काय, बाबा?"

"गाडी बदललीस. चोर आहेस तू."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी चाक आपल्याकडे ओढलं. मी ब्रेकवर उभी राहिले आणि चाक उलटं ओढलं, पण त्यांच्या मनगटांत एवढी ताकद कुठून आली होती कोण जाणे. गाडी आधी डावीकडे गेली, मग माझ्या ओढण्याने उजवीकडे फिरली आणि डिव्हायडरवर चढून खांबाला धडकली. माझं कपाळ समोर आपटलं. डोळ्यांत रक्त उतरलं. बॉनेट दुमडून वर आलं होतं आणि रेडिएटरमधून वाफ सुटली होती, आणि त्या सगळ्यात बाबा माझे केस धरून माझं डोकं खिडकीवर आपटत होते. एकदा, परत एकदा. मी "बाबा, बाबा" म्हणत होते, बाकी काही सुचतच नव्हतं.

लोक धावले. दोन पोरांनी त्यांच्या बाजूचं दार उघडून त्यांना बाहेर ओढलं. त्यांना दिसलं ते एवढंच की एक पुरुष गाडीत एका बाईला मारतो आहे. त्यांतल्या एकाने बाबांच्या कानशिलात लगावली. बाबांचा चष्मा उडाला. बाबांनी त्याचा हात धरला आणि अंगठ्याखाली दात रुतवले, असे की तो मोठ्याने ओरडला आणि दुसऱ्याने बाबांच्या पाठीत गुद्दा घातला.

"मारो मत, भिया," मी बाहेर पडत सांगत होते. "पापा हैं मेरे. बीमार हैं."

ते थांबले. बाबा रस्त्यावर बसले होते, तोंडाला त्या पोराचं रक्त लागलं होतं आणि ते रडत होते. ज्याने मारलं होतं त्या पोरानेच चष्मा शोधून आणला. एक काच गेली होती. त्याने रिक्षा थांबवली, बाबांना आधार देऊन आत बसवलं आणि स्वतःच्या हाताला रुमाल गुंडाळत मला हळूच विचारलं, "दीदी, इंजेक्शन लगवाना पड़ेगा क्या?"

"हाँ, आज ही लगवा लो," मी म्हटलं. "आदमी का काटना बुरा होता है।"

गाडी ओढून मिस्त्रीकडे नेली आणि फेरा बंद झाला. माझ्या कपाळाला टाके पडले होते, कामावर केस पुढे घेऊन जायची. मी नसताना घरी काय झालं विचारलं की आई सांगायची, "बरं आहे. जरा आरडाओरडा करतात."

मग एक दिवस आईच्या शुगरच्या तपासणीसाठी मी तिला लॅबमध्ये नेलं. खुर्चीवर बसवलं आणि बाही वर करायला सांगितली. ती नको म्हणाली, इथूनच घे म्हणाली, तळहाताच्या मागून. मी बाही वर केली. दंडापासून कोपरापर्यंत निळं-जांभळं. एकावर एक वळ. काही जुने, पिवळे पडलेले, काही कालचे. काठीचे होते, आडवे.

दंडाला बांधायचा पट्टा माझ्या हातात तसाच राहिला.

"दुसरा हात घे," आई म्हणाली.

"दुसऱ्यावर नाहीत?"

तिने बाही खाली ओढली. मग म्हणाली, "ते मला कुठे मारतात? गाडी नेणाऱ्याला मारतात. मी आपली मध्ये असते."

मी रक्त घेतलं. एका टोचण्यात शीर सापडली. पण नंतर बाथरूममध्ये जाऊन मी भिंतीवर इतक्या जोरात मूठ मारली की बोटांचे सांधे सोलले.

त्यानंतर मी गाडीच्या मागे लागले. लॅबमधून सुटले की मिस्त्रीकडे, सुट्टीच्या दिवशी भंगाराच्या गाळ्यांत. बॉनेट मिळालं ते लाल होतं, त्याला हिरवा रंग देताना तीनदा छटा बदलून घेतली. दिवा एक जुना मिळाला, दुसरा नवा होता. नवा जास्त चकाकत होता म्हणून त्याची काच राखेने घासून मंद केली. स्टिअरिंगसाठी मिस्त्रीने स्वतःच कुठूनतरी दोन दांड्यांचं, न तडकलेलं चाक पैदा केलं. कुठून, ते मी विचारलं नाही. तोवर काठी आम्ही लपवली होती, पण बाबा हाताला लागेल ते उचलायचे. चिमटा, चप्पल, देवघरातली घंटा. घंटेने आईची भुवई फुटली.

गाडी घरी आली तेव्हा बाबा फाटकात उभे होते. त्यांनी तिच्याभोवती चक्कर मारली, बॉनेटवर बोट फिरवलं. खिडकीतून हात घालून चाक धरलं, हलवलं. मग बसले. आई मागे बसली, कारण तिलाही बाहेर पडून महिने झाले होते. राऊला पोहोचेपर्यंत बाबा समोर बघत होते आणि आई मागे मोकळेपणाने रडत होती. मला वाटलं, आपण जिंकलो.

तसे काही आठवडे बरे गेले.

मग एका रविवारी दुपारी खजराना गणपतीला जायचं ठरलं, कारण आईने नवस बोलला होता. बाबा पुढे बसले, आई तेवढ्यापुरती ड्रायव्हरच्या जागी टेकली होती, त्यांचा सीटचा पट्टा लावायला. मी फाटक उघडायला गेले. कडी काढत होते तेवढ्यात मागून ओरडणं ऐकू आलं. "मला बाहेर काढा. कुठे कोंडलंय मला?"

वळून बघितलं तर बाबा दाराशी झटापट करत होते. जे दार मी डोळे मिटून आवाज ऐकून निवडलं त्याच्याच जोडीचं दार होतं ते, पण त्यांना खटकाच सापडत नव्हता. त्यांना ती गाडी आहे हेच कळत नव्हतं. आई त्यांचा हात धरून दाखवायला गेली आणि त्यांचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. ती मागे कोसळली. मग बाबांनी सीटवर पाठ टेकली, दोन्ही पाय उचलले आणि समोरच्या काचेवर लाथा घालायला सुरुवात केली. बुटांनी. आजारी म्हाताऱ्या माणसाच्या लाथा नव्हत्या त्या. काचेवर जाळं पसरलं आणि सगळी काच एकदम दाणे होऊन आत-बाहेर कोसळली.

ते त्या भोकातून बाहेर आले. गुडघ्यांवर, तळहातांवर, दाण्यांवरून सरपटत, बॉनेटवरून खाली. हातात वायपर तुटून आला होता, तो ते फिरवत होते. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांनी वायपर माझ्या मांडीत खुपसला, दंडाला चावले. मी त्यांना खाली पाडलं. अंगणातल्या फरशीवर पालथं पाडून त्यांच्या पाठीवर गुडघा ठेवला आणि मनगटं मागे धरली, जशी पोलीस धरतात. शेजारचे गॅलरीत येऊन उभे होते. कोणी खाली आलं नाही.

"दुखतंय," बाबा म्हणाले. अगदी त्यांच्या नेहमीच्या आवाजात. "बाळ, दुखतंय."

माझी पकड सैल झाली. तेवढ्यात आई गाडीचं दार धरून उभी राहिलेली दिसली. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, हातात तिचा पुढचा दात होता. इतके महिने जिने एक शब्द त्यांच्याविरुद्ध काढला नाही, ती म्हणाली, "सोडू नकोस."

मी सोडलं नाही. त्यांचं अंग ढिलं पडेपर्यंत तशीच बसून राहिले. हॉस्पिटलमध्ये कळलं की त्यांची एक बरगडी तडकली होती.

त्यानंतर औषधं बदलली. दिवसभर त्यांना सांभाळायला एक माणूस ठेवला. बाबा शांत झाले, म्हणजे खरं तर झोपलेलेच असायचे. गाडीचं नाव काढेनात. मी काचेच्या दुकानात गेले तेव्हा तिथल्याने दोन प्रकार दाखवले. एक पहिल्यासारखी, दुसरी दोन थरांची, जी फुटली तरी विखुरत नाही. मी सरळ दुसरी घेतली. तिच्या वरच्या कडेला निळसर पट्टा होता, बाबांनी तो लगेच ओळखला असता. गाडी घरी आणून उभी केली. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर होते. त्यांनी गाडीवरून नजर फिरवली, जशी भिंतीवरून फिरवतात. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. त्याऐवजी मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ उठता आलं नाही.

त्या हिवाळ्यात ते गेले. झोपेत गेले, कोणाला न मारता. शेवटची आंघोळ घालताना आईने त्यांचे हात खूप वेळ धुतले, नखांच्या कडांपर्यंत.

गाडी आम्ही विकली नाही. आता मला हवे ते पार्ट टाकते, नवे, टिकाऊ. मिस्त्री खूश आहे. आई शेजारी बसते, तिला बाजारात नेते, तिच्या बहिणीकडे महूला नेते. फक्त एक आहे. गिअर बदलायला माझा डावा हात उठला की तिचा उजवा हात आपोआप तोंडासमोर येतो. येतो आणि मग ती तो केसांवरून फिरवते, जणू केसच नीट करायचे होते. मी हात उचलायच्या आधी सांगते, "आई, गिअर टाकते हं."

"टाक ना," ती खिडकीबाहेर बघत म्हणते. "मला काय सांगतेस."